अर्ध्या कोयत्याचं औषध

त्या औषधाला वास होता. पावडर पांढरी, मिठासारखी, डब्यात असताना फारसं काही कळायचं नाही. पण माझ्या मुलीच्या पोटात गेली की तिच्या घामाला, केसांना, अंगाखालच्या दुपट्याला तो वास यायचा. जुनं तूप कोंदट खोलीत राहिलं की येतो तसला. मी सुप्याला एका गोळ्या-औषधांच्या कंपनीत माल तपासायच्या विभागात काम करते, नाकाला रसायनांची सवय आहे. तरी त्या वासाची सवय मला झाली नाही. औषध बंद होऊन कितीतरी महिने झाले, पण तिचे तेव्हाचे दोन फ्रॉक मी अजून धुतलेले नाहीत. का नाही धुतले, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं आणि मी त्याच्या अंगावर गेले होते. मला चिडायला हल्ली फार थोडं पुरतं.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. बसत नाही, बोलत नाही. मान धरते, दमली की सोडून देते. तान्ही असताना तिला पहिला झटका आला, आणि तेव्हापासून झटके आमच्या घरात राहायलाच आले. नगरला दाखवलं, मग पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं तेव्हा आजाराचं नाव कळलं. नाव कसलं, इंग्रजी अक्षरांची रांग आणि शेवटी एक आकडा. आमच्या रस्त्यावरच्या टेम्पोंच्या नंबरपाट्या याहून बऱ्या असतात. लोक विचारायचे, काय झालंय पोरीला? मी ती अक्षरं सांगायचे. लोक मान हलवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, पण झालंय काय?

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील, पण समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते, तो निरोप बारीक बारीक पिशव्यांत भरलेला असतो. त्या पिशव्या पेशीच्या आतून कडेपर्यंत येतात, तिथल्या भिंतीला चिकटतात, फुटतात, आणि निरोप पलीकडे जातो. पिशवीला भिंतीशी धरून ठेवायला एक प्रथिन लागतं. ते तयार करायच्या सूचना शरीरात दोन जागी असतात, एक आईकडची, एक बापाकडची. माझ्या मुलीत त्यातली एक बिघडलेली आहे. म्हणून प्रथिन निम्मंच. त्यात बिघडलेल्या सूचनेवरून जे तयार होतं ते चुरगळतं, आणि चुरगळताना चांगल्यालाही सोबत ओढतं.

"बिघडली ती कुणाकडची?" मी विचारलं.

"कुणाकडचीच नाही. तुम्हा दोघांचंही चांगलं आहे. हिच्यात नव्यानेच झालंय ते."

हे ऐकून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पाच मिनिटं बरं वाटलं. मग एसटीत बसल्यावर कळलं की चूक कुणाचीच नसली तर भांडायलाही कुणी उरत नाही.

भांडायला सासू होती, पण तिच्याशी भांडता येत नाही. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या पाथर्डीकडच्या. सासरे होते तोवर ती दोघं दर वर्षी ऊसतोडीला जायची. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सासरे गेले आणि आत्या अर्धा कोयता झाल्या. माझा नवरा सुप्याला कंपनीत लागलेला, तो काही तोडीला जाणार नव्हता. मग त्यांच्या धाकट्या दिराच्या टोळीबरोबर आत्या एकट्या जायला लागल्या, राहुरीच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. आम्ही नको म्हणायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि दिवाळी झाली की गाठोडं बांधायच्या.

पिशव्यांची ती गोष्ट मी आत्यांना त्यांच्या दारात बसून सांगितली. त्या कोयत्याला धार लावत होत्या. पोरगी माझ्या मांडीवर होती. सांगायचा मला कंटाळाच आला होता, कारण तोवर नातेवाइकांत ती इतकी वेळा सांगून झाली होती की माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

आत्या म्हणाल्या, "म्हंजी माल तयार व्हतो, पर पोचत न्हाई."

"पोचतो हो. कडेपर्यंत येतो. तिथं धरायला कुणी नाही, म्हणून पडून राहतो."

त्यांचा हात थांबला. "मंग ह्यो आर्धाच कोयता की गं."

मला आधी राग आला. लेकराच्या मेंदूचं बोलतेय आणि यांना उसाचं सुचतंय. पण त्या त्यांच्याच तंद्रीत बोलत राहिल्या. "ऊस यकटीला तोडता येतो. मोळीबी बांधता येती. पर ती डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. जोडी आसली की नवरा हात लावतो. मी मोळीपशी हुभी ऱ्हाती. कुनी मोकळं झालं तर यील, न्हाई तर ऊस वाळतो थितंच." कोयत्याची धार त्यांनी अंगठ्याने चाचपली. "तशी मोळीपशी हुभी हाय का गं माझी बाय?"

मी पोरीची मान तेवढी सावरली.

औषधाचं नंतर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक रसायन आहे. जुनंच औषध आहे, वेगळ्याच एका आजारात देतात. चुरगळणाऱ्या प्रथिनाला ते सरळ राहायला मदत करतं, मग प्रथिन वाढतं. काचेच्या भांड्यातल्या पेशींत वाढतं. लेकरांत काय होईल ते सांगता येत नाही, काहींना फरक पडतो, काहींना नाही. हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. तक्रार करायला मला त्यांनी जागाच ठेवली नाही. मी त्यातलं "वाढतं" एवढंच घेऊन घरी आले आणि फोनवर आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "मोळीला हात लावनारं आवशिद घावलं म्हन की." त्यांच्या जगात एकदा हात लागला की मोळी डोक्यावर जातेच. हात लागूनही मोळी जाग्यावर राहिली, असं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

आता काकवीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं आहे.

आत्या हंगाम संपवून आल्या की गुऱ्हाळावरून काकवीचा कॅन आणायच्या. गूळ होण्याआधीचा तो दाट गोड रस, आमच्याकडे भाकरीबरोबर खातात. पोरगी दीड-दोन वर्षांची असताना आत्यांनी पहिल्यांदा करंगळी बुडवून तिच्या ओठाला लावली. तिने जीभ बाहेर काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. त्यानंतर असं झालं की कॅनचं झाकण फिरवल्याचा आवाज आणि तो वास आला की ती तोंड उघडायची. डोळे कुठेही असायचे, हातपाय ताठ असायचे, पण तोंड उघडं. काकवी येईपर्यंत उघडं ठेवायची. मिळाली की चाटून घशातून एक आवाज काढायची. तो आवाज ती दुसऱ्या कशालाच काढत नव्हती, माझ्या दुधालाही काढला नव्हता. तेवढं एकच तिला जगात हवं होतं, आणि ते आम्ही देऊ शकत होतो.

मी ते डॉक्टरीणबाईंना मोठ्या हौसेने सांगितलं. तिला वास कळतो, ती वाट बघते, म्हटलं. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "तोंड उघडणं आपोआप होतं, बाळं करतात तसं. शिकणं वेगळं असतं. त्यात आठवण लागते. आधी काय झालं ते लक्षात ठेवून मूल वागलं, की ते शिकलं म्हणायचं." मला ते फार लागलं. दर खेपेला त्या एकच विचारायच्या, नवीन काही शिकली का? आणि दर खेपेला मी नाही म्हणायचे. शाळेत कधी नापास झाले नाही, ती तिथे होत राहिले.

औषध आलं ते आत्या हंगाम करून परतल्यावर. त्या मुद्दाम सुप्याला आमच्याकडे येऊन राहिल्या. मी कामावर जाणार, नवऱ्याच्या पाळ्या, मग दिवसा औषध पाजणार कोण? पहिल्या दिवशी मी जिभेवर चिमूटभर ठेवून बघितलं. कडू म्हणावं तर खारट, खारट म्हणावं तर उलटी येईल असलं काहीतरी. पोरीला दुधातून दिलं, तिने ओकलं. वरणातून दिलं, ओकलं. भाकरी दुधात कुस्करून त्यात घातलं, तर त्याबरोबर सकाळचंही बाहेर आलं. रोज खाण्याबरोबर तीन वेळा द्यायचं होतं आणि एकही वेळ पोटात ठरत नव्हती. नवऱ्याने फरशी पुसत म्हटलं, हे औषध फरशीलाच लागू पडणार. त्यावर आम्ही दोघं हसलो, आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्यांनी कॅन काढला.

आमच्या घरांत कडू काहीही गुळाच्या पोटातूनच जातं. काढा असो, किराइताचं पाणी असो, तान्ह्याची घुटी असो, आधी गोड, मधे कडू, वर पुन्हा गोड. कुणाच्या मनात दुसरं काही येतच नाही. आत्यांनी काकवीत पावडर घोटली, झाकणाचा आवाज केला, आणि पोरीने तोंड उघडलं. गिळलं सगळं. तोंड किंचित वाकडं केलं, पण गिळलं. आत्यांनी वरून नुसती काकवी चाटवली. मी फोन करून विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल, पोटात जाणं महत्त्वाचं. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो.

त्यानंतरचे काही आठवडे मी विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही. झटके कमी झाले. झाले असं आम्हाला वाटलं, आता मला खात्री देता येत नाही. पोरगी खिडकीकडे बघते असं नवऱ्याला वाटायचं. तो मोबाईल तिच्यावर धरून बसायचा. हा मुळात न बोलणारा माणूस, कंपनीतून आला की तिच्याशेजारी आडवा होऊन कॅन्टीनमध्ये काय होतं, सुपरवायझर कुणाला बोलला, असलं सगळं तिला सांगायचा. एकदा दारावरून टेम्पो गेला आणि तिने मान वळवली. आत्या म्हणाल्या, "उचलली बग मोळी." मी त्यांच्या गळ्यात पडले. आमच्यात सासूच्या गळ्यात पडत नाहीत, त्याही अवघडल्या. पण मी पडले.

मग ती जीभ बाहेर ढकलायला लागली. आधी वाटलं, सर्दी असेल. पुढे ती चमचा जवळ आला की मान फिरवायची. मान फिरवते म्हणून आम्हाला आधी आनंदच झाला, इतके आम्ही आंधळे. नवऱ्याने त्याचाही व्हिडिओ काढला. त्यानंतर तिने तोंड मिटायला सुरुवात केली. मग एकाने डोकं धरायचं, दोन बोटांनी गाल दाबायचे आणि दुसऱ्याने चमचा आत सारायचा. घरातल्या त्या एका कामाला पूर्ण कोयता लागायला लागला. आत्या गाल दाबायच्या आणि म्हणायच्या, "घे गं बाय, गोड हाय, काकवी हाय." ती घशातून आवाज काढायची, पण तो पहिला आवाज नव्हता.

औषध आम्ही बंद केलं नाही. कसं करणार? काहींना फरक पडतो, असं सांगितलं होतं. आणि आमची ती काहींत असेल, असं रोज सकाळी वाटायचं.

पावसाळा गेला आणि तिच्या तोंडावर सूज दिसायला लागली. झटके पुन्हा मोजता येईनासे झाले. पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मेंदूची तपासणी केली, आमचे व्हिडिओ सगळेच्या सगळे पाहिले. मग त्यांनी तेच विचारलं, नवीन काही शिकली का? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग थांबवू या. हिच्या बाबतीत त्याचा उपयोग दिसत नाही. त्रास मात्र होतोय." दुसरं काही औषध आहे का, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या धुतलेल्या वाट्या पालथ्या घालत होत्या. "आवशिदानं हात लावला न्हाई?" एवढंच त्यांनी विचारलं.

"लावला असेल," मी म्हटलं. "मोळी जड असेल."

दिवाळी झाली तशा त्या तोडीला गेल्या. जाताना पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. तो हिवाळा वाईट गेला. मी कामावर जायचे, कामावरून यायचे. शेजारची एक बाई दिवसा पोरीजवळ बसायची. कंपनीत मी बाटल्यांतल्या गोळ्या विरघळवून बघत असते, ठरल्या वेळात विरघळतात की नाही ते. विरघळल्या की शेरा मारायचा, पास. हे काम मला आधी आवडायचं. आता मनात यायचं, कुणाच्या तरी घरी ही गोळी पास होणार नाही आणि त्यांना इथून कुणी काही सांगायला जाणार नाही. घरी आल्यावर मी पोरीशेजारी पडायचे. नवऱ्याने तिला कॅन्टीनचं सांगणं सोडून दिलं होतं. आम्हाला कशाचीच वाट बघायची नव्हती. वाट बघणं वाईट असतं असं म्हणतात, पण वाट बघायलाच काही नसणं त्याहून वाईट असतं, हे मी लिहून देते.

गुढीपाडव्याच्या आधी आत्या परत आल्या. गावी न जाता आधी सुप्याला उतरल्या. चेहरा रापलेला, हाताला पाचटाचे ओरखडे, आणि खांद्यावर काकवीचा नवा कॅन. गाठोडं सोडायच्या आधी त्यांनी हात धुतले आणि पोरीजवळ बसल्या.

"आता आवशिद न्हाई, काय न्हाई," त्या तिला म्हणाल्या. "नुसती काकवी. ताजी हाय, कालची."

त्यांनी झाकण फिरवलं. वास खोलीभर झाला. औषध जाऊन सगळा हिवाळा लोटला होता, त्यात काकवी हा शब्दही आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला तो घशातला आवाज ऐकायचा होता. सगळं गेलं, निदान तेवढं परत मिळू दे, एवढंच मागत होते.

पोरीने ओठ मिटले. करंगळी ओठापर्यंत जायच्या आधीच मिटले, झाकणाच्या आवाजालाच. इतके घट्ट की ते पांढरे पडले. मान भिंतीकडे फिरवली आणि तिथंच धरून ठेवली. मान धरायला तिला किती पडतं ते मला माहीत आहे. ती थरथरत होती आणि तरी सोडत नव्हती.

आत्यांनी स्वतः बोट चाटून दाखवलं. "हे बग, म्या खाल्ली. गोड हाय." पुन्हा बोट पुढे केलं. पोरीचे ओठ तसेच. आत्यांनी एक थेंब हळूच ओठांच्या फटीवर लावला. तो हनुवटीवरून खाली आला आणि तिने जीभ काढली नाही.

मग आत्या कॅनचं झाकण लावत म्हणाल्या, "हिला ध्यानात हाय गं."

मला एकदम डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. आधी काय झालं ते लक्षात ठेवून वागलं, की ते शिकलं म्हणायचं. इतकी वर्षं मी ज्या एका होकारासाठी पुण्याच्या खेपा घातल्या तो होकार समोर भिंतीकडे तोंड करून पडला होता. औषधाने केलं की तिचं तिनेच केलं, मला माहीत नाही. मी पुन्हा गेले तर सांगेन, हो, एक गोष्ट शिकली. आम्ही गोड म्हणून पुढे केलेलं घ्यायचं नाही, हे शिकली.

आणि ती आठवण ठेवू शकते, तर पावसाळाभर तिला सगळं कळत होतं. डोकं कुणी धरलंय, गाल कुणी दाबलेत, चमचा कुणाच्या हातात आहे. आत्यांनी तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. मी तिच्यामागे आडवी झाले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती दचकली.